स्वतःहून

"राजूरकरजी, इनको तो आप जानते ही होंगे," असं म्हणून चिराग भसीन हसला, आणि मीटिंग रूमच्या दारातून बाळ ओगले आत आला.

विश्वनाथ राजूरकर अर्धवट उठले. माणूस आत आला की आधी उभं राहायचं, मग हात पुढे करायचा, मग नाव सांगायचं, ही तेहेतीस वर्षांची सवय. या वेळी हात पुढे गेलाच नाही. टेबलाची कड धरून ते तसेच वाकून उभे राहिले.

"नमस्ते, जिजाजी," बाळ म्हणाला.

टेबलाभोवतीच्या नऊ-दहा तरुण पोरांपैकी कुणीतरी लॅपटॉपवरून मान वर केली. बाळचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. बोलताना मान किंचित डावीकडे कलती करायची लकब मात्र तशीच होती. दिल्लीत जन्मलेला, दिल्लीतच वाढलेला हा त्यांच्या बायकोचा, प्रभाचा, धाकटा भाऊ. पहिल्या दिवसापासून तो त्यांना जिजाजीच म्हणत आला होता. गेल्या अठरा वर्षांत म्हणायची वेळ आली नव्हती, एवढंच.

चिरागने पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवायला सुरुवात केली. फरिदाबादची प्रिझम लॅब, म्हणजे बाळची कंपनी, नवदृष्टी सायंटिफिकने विकत घेतली होती. एप्रिलपासून दोन्ही कंपन्यांची सेल्स टीम एक. उत्तर भारताचा प्रमुख बाळ ओगले. विश्वनाथचं नाव बाळच्या खालच्या दुसऱ्या चौकोनात होतं.

"वन फॅमिली," चिराग म्हणाला. "और इस केस में तो सचमुच फॅमिली!"

पोरं हसली. विश्वनाथही हसले. समोरचा हसला की हसायचं, हीदेखील सवयच.

विश्वनाथ मायक्रोस्कोप विकायचे. शाळा, कॉलेजं, पॅथॉलॉजी लॅब. नागपूरहून दिल्लीला आले ते पंचविसाव्या वर्षी, आणि नवदृष्टीत चिकटले ते चिकटलेच. खांद्यावर लाकडी पेटी, खिशात कांद्याच्या पापुद्र्याची तयार काचपट्टी. प्रयोगशाळेत गेले की ते आधी प्राध्यापकाला यंत्र दाखवत नसत. मागे उभ्या असलेल्या एखाद्या मुलीला बोलवत आणि म्हणत, "बेटा, ज़रा देखके बताओ, क्या दिखता है?" मुलगी डोळा लावायची, आणि तिच्या तोंडून जो उद्गार निघायचा त्यावर माल विकला जायचा. ही युक्ती त्यांनी बाळला शिकवली. सासरे वारल्यावर बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या बाळला त्यांनीच भसीनसाहेबांकडे नेलं, हाताखाली घेतलं, मीरतपासून अंबाल्यापर्यंत आपल्या स्कूटरवर मागे बसवून फिरवलं. सहा वर्षं. मग एका सोमवारी बाळचा राजीनामा टेबलावर होता, आणि महिनाभरात विश्वनाथची सात मोठी कॉलेजं प्रिझम लॅबकडे गेली होती. घरी त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आदल्या रविवारी तर तो प्रभाच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन गेला होता.

मीटिंग संपल्यावर चिरागने त्यांना थांबवून घेतलं. "एक चीज़ मिली है आपकी," म्हणाला. कंपनीची जुनी कागदपत्रं स्कॅन करताना त्याच्या पापांच्या, म्हणजे थोरल्या भसीनसाहेबांच्या, कपाटात सापडली होती. त्याने एक पिवळट लिफाफा पुढे केला. "पापाने संभाल के रखा था. बहुत फिल्मी है, सर! मैंने सोचा, आपको ही दे दूँ."

विश्वनाथला लिफाफा उघडायची गरज पडली नाही. त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला.

लिफ्टमध्ये बाळ मागोमाग आला. अकरा मजले उतरायचे होते.

"ताई कशी आहे?"

"बरी आहे."

"गुडघे?"

"दुखतात. चालते रोज."

आकडे खाली सरकत राहिले. सातव्या मजल्यावर दार उघडलं, कुणीच आत आलं नाही, दार मिटलं.

"जिजाजी, ते पत्र मी वाचलंय," बाळ खालच्या आवाजात म्हणाला. "कागद तपासताना माझ्याही वकिलाकडे आलं होतं. आई गेली तेव्हापासून मी विचार करत होतो, यार, ताई एवढी कशी कडक झाली? आठ महिने आई अंथरुणावर, आणि ताई घराच्या उंबऱ्याला शिवली नाही. आता कळलं. पण मी ताईला काही बोलणार नाही. बिल्कुल काळजी करू नका."

त्याने खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातात ठेवलं. मागे पेनाने घरचा पत्ता लिहिलेला होता, आधीच लिहून आणलेला. मग दार उघडलं आणि तो गाडीकडे निघून गेला.

विश्वनाथ मेट्रोत बसले, पण बसवेना. जागा असूनही ते उठून दारापाशी उभे राहिले, परत बसले, परत उठले. काळजी करू नका! बाळ रागावला असता, चार माणसांत वाभाडे काढले असते, तर ते सोसलं असतं. पण त्याने त्यांना सांभाळून घेतलं होतं. म्हणजे यापुढे आपल्या घरातली एक गोष्ट बाळच्या मेहेरबानीवर झाकलेली राहणार. तो ताईला भेटेल, हसेल, जेवेल, आणि जेवताना एकदा आपल्याकडे बघेल.

यलो लाइनने सरळ घरी जायचं सोडून ते हौज़ खासला उतरले आणि मुनिरकाच्या गाडीत चढले. इशिता, त्यांची मुलगी, विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि मुनिरकात एका चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहत होती. अरुंद गल्लीत डोक्यावर वायरींचं जाळं, खाली पाण्याचे कॅन भरलेली हातगाडी. जिने चढून ते वर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"बाबा? वर्किंग डेला?" इशिताने खुर्चीवरची पुस्तकं उचलली. "आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे. असाच आलो." ते बसले नाहीत. खिडकीशी गेले, पडदा सरकवला, परत ओढला. "बाळमामा आमच्याकडे येतोय. कंपनीत. माझा साहेब म्हणून."

इशिता त्यांच्याकडे बघतच राहिली. "अच्छा. मग रोशनी हेच सांगत होती." रोशनी म्हणजे बाळची मुलगी.

"तू बोलतेस तिच्याशी?"

"बाबा, आम्ही कॉलेजपासून टचमध्ये आहोत. तुमचं जे काय आहे ते तुमचं आहे, आमचं थोडीच आहे."

"आईला माहीत आहे?"

"एकदा मी तिला फोटो दाखवत होते, रोशनीच्या एंगेजमेंटचे. तिने फोन उलटा करून ठेवला." इशिता पुस्तकं खाटेवर ठेवायला वळली. "म्हणाली, बाबांकडून साहेबांनी लिहून घेतलंय. बाबांनी सही केलीय, तर ती आपणही पाळायची. मी म्हटलं, यार आई, सही त्यांची आहे, तुझी थोडीच आहे. तर म्हणे, एका घरात दोन सह्या नसतात."

विश्वनाथने चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, आणि ते दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरले.

साहेबांनी लिहून घेतलंय. हे वाक्य त्यांचंच होतं. अठरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका संध्याकाळी, बूट काढता काढता, प्रभाकडे न बघता त्यांनी ते म्हटलं होतं. खरं असं होतं की भसीनसाहेबांनी काहीच मागितलं नव्हतं. ऑफिसात कुजबुज मात्र होती. जीजा-साला मिले हुए हैं. चहाच्या टेबलाशी ते गेले की बोलणं बदलायचं. झोनल मॅनेजरची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर अकरा वर्षं त्यांचा डोळा होता. आणि राग होता. आपण शिकवलेल्या माणसाने आपल्याला न सांगता जावं, याचा राग पोटात असा पेटला होता की रात्री जेवण जात नव्हतं. एका दुपारी त्यांनी दार लावून स्वतः कॉम्प्युटरवर पत्र टाइप केलं, सही केली, साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "इसकी क्या ज़रूरत थी, राजूरकर? घर तो घर है." मग विश्वनाथचा चेहरा पाहून कागद खणात सरकवला. पुढच्या महिन्यात ते झोनल मॅनेजर झाले. पत्रामुळे झाले की नसतं दिलं तरी झाले असते, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

पत्र देऊन झाल्यावर ते विसरलेही असते. प्रभा विसरली नाही. ती भाऊबिजेला जायची बंद झाली. सासूबाई उन्हाळ्यात महिनाभर यायच्या, तेवढीच मायलेकींची भेट. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या बाळच्या घरी अंथरुणाला खिळल्या. प्रभा रोज अकरा वाजता फोन करायची. पलीकडून नुसते अस्पष्ट आवाज यायचे आणि ही इकडून बोलत राहायची. एकदा वर्तमानपत्र वाचताना विश्वनाथ म्हणाले होते, "तू जाऊन ये ना. मी कुठे नाही म्हणतो?"

"साहेबांना कळलं तर?" तिने विचारलं होतं.

त्यावर त्यांनी पान उलटलं होतं. शेवटचे तीन दिवस सासूबाई इस्पितळात होत्या, तेव्हा प्रभा तिथे बसून राहिली. इस्पितळ म्हणजे बाळचं घर नव्हे, असा तिने हिशेब लावला असावा.

घर मलकागंजला, हिंदूराव इस्पितळाच्या मागच्या बाजूला. पोचले तेव्हा साडेचार वाजले होते आणि दाराला कुलूप होतं. म्हणजे प्रभा रिजवर, मागच्या झाडीच्या टेकडीवर, फिरायला गेली असणार. बॅग शेजाऱ्यांकडे ठेवून ते तसेच बुटांनिशी चढ चढू लागले. सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडून चिरडली होती. कठड्यावर माकडं बसली होती.

ती नेहमीच्या बाकावर होती. पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीवर स्वेटर, हातात माकडांसाठी काठी. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. नवरा या वेळेला इथे दिसल्यावर ती दचकली, पण उठली नाही.

"अहो, काय झालं? नोकरी गेली का?"

"नाही."

ते बसले, उठले, बाकामागून फेरी मारून परत आले.

"बसा आधी. चक्कर येईल मला तुमच्याकडे बघून."

त्यांनी सगळं सांगितलं. प्रिझम लॅब, एप्रिल, चौकोन. प्रभा ऐकत होती. बाळचं नाव आलं तेव्हा तिने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे आता तो तुमच्याच कंपनीत," ती म्हणाली. "मग आता साहेबांची काही हरकत नाही ना? म्हणजे मोठे साहेब तर गेलेच. पण कंपनीची?"

तिच्या आवाजात एवढी आशा होती की विश्वनाथला वाटलं, इथेच थांबावं. काही हरकत नाही, आता आपण दोघं जाऊ, असं म्हणावं. ती आज रात्रीच लाडू करायला घेईल. बाळ तोंड उघडणार नाही. सगळं निभेल. गिऱ्हाईक राजी असताना मालातला दोष सांगायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी लिफाफा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"ते पत्र."

तिने कागद उलगडला, लांब धरला, जवळ आणला. "चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा."

"घरी जाऊन वाच ना."

"वाचा म्हणते ना."

पत्र इंग्रजीत होतं. ते एकेक ओळ मराठीत सांगू लागले. तारीख. आदरणीय साहेब. "मी स्वतःहून कळवतो," ते वाचू लागले आणि थांबले.

"स्वतःहून?" प्रभा म्हणाली.

"हो."

"पुढे."

"श्री. बालकृष्ण ओगले यांच्याशी यापुढे माझा आणि माझ्या कुटुंबाचा कोणताही संबंध राहणार नाही. ऑफिसात माझ्याविषयी शंका घेतली जात आहे असं मला जाणवतं. आपण मला काही विचारलेलं नाही, तरी..." शेवटची एक ओळ उरली होती. ती वाचली नाही तरी चालण्यासारखं होतं. तिच्याकडे चष्मा नव्हता.

"संपलं?"

माकडाचं एक पिल्लू कठड्यावरून उडी मारून पलीकडे गेलं.

"नाही," विश्वनाथ म्हणाले. "माझी पत्नी प्रभा हिला हे मान्य आहे. आपल्या भावाशी संबंध न ठेवण्याचा निर्णय तिचाही आहे. आपला विश्वासू."

खालून इस्पितळात शिरणाऱ्या अँब्युलन्सचा आवाज आला आणि थांबला. मग तिने कागद त्यांच्या हातातून घेतला, घडी नीट जुन्या खुणांवर घातली.

"मला कधी विचारलंत?"

"नाही."

"साहेबांनी मागितलं नव्हतं?"

"नाही. उलट ते म्हणाले, गरज नव्हती."

"त्यांच्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्याशी बोलले नाही," प्रभा म्हणाली. "आठवतं तुम्हाला? छत्तरपूरला. बिचारे दोनदा माझ्यापाशी आले. भाभीजी, खाना खाया? मी मान फिरवली. मला वाटायचं, याच माणसाने माझं माहेर तोडलं. ते गेले तेव्हासुद्धा मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, सुटले." ती काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढत होती. "आईला फोनवर बोलता यायचं नाही. ती नुसती ऊं ऊं करायची. चेतना वहिनी म्हणायची, ताई, आई तुम्हाला बोलावतायत. मी सांगायचे, यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. आठ महिने सांगितलं मी हे."

"मी राजीनामा देतो," विश्वनाथ म्हणाले. "उद्याच देतो. नाही राहायचं मला तिथे."

"का?" तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "आता का? तेव्हा नोकरीसाठी मला सोडलंत, आता माझ्यासाठी नोकरी सोडणार? नका सोडू. माझं नाव घालून आणखी एक पत्र नका लिहू."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. ते आधाराला पुढे झाले, पण तिने काठी टेकली आणि चालू लागली.

त्या रात्री ती त्यांच्याशी बोलली नाही. रागाने भांडी आपटली नाहीत की ताट वाढायचं सोडलं नाही. पोळी, भाजी, वरण, सगळं नेहमीसारखं. सकाळी त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती आंघोळ करून, जांभळी सिल्कची साडी नेसून आरशासमोर उभी होती.

"बाळचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

त्यांनी कार्ड दिलं.

"मला फरिदाबादचं काही माहीत नाही. तुम्ही सोडायला या. आत येऊ नका."

मेट्रोत तासाभरात ती दोनच वाक्यं बोलली. बदरपूरची सीमा ओलांडल्यावर म्हणाली, "इथे आधी एवढ्या बिल्डिंगी होत्या का?" आणि उतरताना, "हात नका धरू, जमतं मला."

ऑटो एका सेक्टरच्या शांत रस्त्यावर थांबली. शनिवार होता, सकाळचे साडेदहा. समोर तीन मजली घर, काळं लोखंडी फाटक, फाटकाला तीन बेलची बटणं. प्रभा रस्ता ओलांडून गेली. बटणांखालची नावं वाचायला ती वाकली, चष्मा काढायला पर्समध्ये हात घातला, मग चष्मा लावून पुन्हा वाकली. कुठलं बटण ते तिला कळेना. तिने मधलं दाबलं.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई आली. हातात ओला टॉवेल, खांद्यावर ओढणी. विश्वनाथने तिला ओळखलं, ती चेतना, बाळची बायको. तिने खाली पाहिलं.

"कौन? किससे मिलना है आपको?"

प्रभाने मान वर केली. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, तिने कपाळावर हाताचा आडोसा धरला. काय बोलली ते रस्त्यापलीकडे ऐकू आलं नाही. फार लांबलचक काही नव्हतं, एखादा शब्द असावा. चेतनाच्या हातातला टॉवेल कठड्यावर तसाच राहिला आणि ती आत धावली. जिन्यावरून पावलं खाली येताना ऐकू आली, मग आणखी एक जड पाऊल, मग फाटकाचा अडसर सरकल्याचा आवाज.

प्रभा आत गेली. फाटक परत लागलं.

"चलें, बाऊजी?" ऑटोवाल्याने विचारलं.

"रुको," विश्वनाथ म्हणाले आणि खाली उतरले.

"कितनी देर?"

"पता नहीं."

ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. समोर फूटपाथवर कडुनिंबाची सावली होती, पण ते उन्हातच उभे राहिले, फाटकातून नीट दिसतील असे.